सवलत मागायची कोणी?

पत्र: माझा मुलगा यंदा बारावीची परीक्षा देत आहे. तिसरीत असताना त्याला डिस्लेक्सिया (वाचनाची अडचण) आणि डिसग्राफिया (लेखनाची अडचण) असल्याचे निदान झाले. तोंडी विचारले तर त्याला सगळे येते. वाचायला आणि लिहायला मात्र इतरांच्या दुप्पट वेळ लागतो. शाळेत दर वर्षी नव्या वर्गशिक्षिकांना मी जाऊन भेटत असे. दहावी-बारावीच्या सवलतींचे अर्ज मीच भरले, लेखनिक मीच शोधला आणि रोज रात्री त्याचे धडे मीच वाचून दाखवते. आता त्याला अर्थशास्त्र घेऊन पदवी करायची आहे आणि त्यासाठी तो परगावी वसतिगृहात राहणार आहे. तो म्हणतो, 'तिथे कुणाला काही सांगायचे नाही, मला बाकीच्यांसारखे राहायचे आहे.' त्याचे वडील म्हणतात, त्याचे तो पाहील. मला रात्री झोप लागत नाही. मी प्राचार्यांना आधीच भेटून सगळे सांगून ठेवावे का? पहिले वर्षभर तिथे खोली घेऊन त्याच्याजवळ राहावे का? — एक आई

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरे आधी देते. तिथे खोली घेऊन राहू नका. प्राचार्यांना त्याच्या माघारी भेटू नका. मात्र 'कुणालाच काही सांगायचे नाही' हा त्याचा निश्चयही आहे तसा मान्य करू नका. त्याच्या वडिलांचे म्हणणे मला अर्धे पटते. त्याचे त्याने पाहायला हवे, हे खरे आहे; पण कसे पाहायचे हे त्याला अजून कोणी शिकवलेले नाही आणि ते शिकवायला तुमच्या हातात काही महिने आहेत.

असे लिहिताना तुमच्यावर ठपका ठेवण्याचा माझा हेतू नाही. तुम्ही जे केले त्यामुळेच तो आज पदवीचा विचार करू शकतो. पण तुमचे पत्र मी दोनदा वाचले तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. अर्ज मी भरले, लेखनिक मी शोधला, धडे मी वाचले. या प्रत्येक वाक्यात कर्ता तुम्ही आहात. शाळेत ते चालले, कारण शाळेची रचनाच तशी असते: मूल लहान, पालक जबाबदार, आणि वर्गशिक्षिका रोज तेच मूल पाहणाऱ्या. महाविद्यालयात यांपैकी एकही गोष्ट उरत नाही. प्रत्येक विषयाला वेगळे प्राध्यापक असतात, वर्गात कितीतरी विद्यार्थी असतात, आणि मागे बसलेला एखादा मुलगा फळ्यावरचे उतरवून घेत नाही याचे कारण कंटाळा आहे की आणखी काही, हे शोधून काढण्याइतकी सवड कोणालाच नसते.

कायदाही या बदलाला धरूनच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार मानले आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया-डिसग्राफियासारख्या अडचणी, हा त्यांपैकी एक आहे. मुलांमधील अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखून तिच्यावर उपाय करणे हे याच कायद्याने शिक्षणसंस्थांचे काम ठरवले आहे, म्हणजे शोधण्याचा भार संस्थेवर आहे. परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या गोष्टीही त्यात नमूद आहेत. पदवीच्या पातळीवर हक्क संपत नाही, परंतु प्रत्यक्षात तो विद्यार्थ्याच्या अर्जापासून सुरू होतो. अर्ज नाही तर सवलत नाही. शिवाय तो अठरा वर्षांचा झाला की कायद्याने सज्ञान होतो, आणि त्याच्याविषयीचे अर्ज त्याच्याच सहीने जायला हवेत. पालकांचा फोन हा महाविद्यालयाच्या दृष्टीने फार तर सदिच्छेचा विषय असतो.

आता त्याच्या 'कुणाला काही सांगायचे नाही' या वाक्याकडे वळते, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. या वाक्यामागे हट्ट आहे असे मला वाटत नाही. तिसरीपासून प्रत्येक जूनमध्ये त्याच्याविषयी कोणीतरी कोणालातरी काहीतरी सांगितले आहे आणि त्या बहुतेक वेळी तो शेजारी गप्प उभा राहिला असेल. परीक्षेच्या दिवशी त्याला वेगळ्या खोलीत नेले गेले असेल, आणि का नेले याचे उत्तर त्याला मित्रांना द्यावे लागले असेल. नव्या गावी, नव्या वर्गात आपली ओळख आपल्या मनासारखी व्हावी असे त्याला वाटत असेल, तर ती इच्छा निकोप आहे आणि तिचा मान राखायला हवा.

मात्र 'सांगणे' ही एकच गोष्ट नाही, हे त्याच्यापुढे उलगडून ठेवा. परीक्षा विभागाला सांगणे वेगळे, विषयाच्या प्राध्यापकांना सांगणे वेगळे, खोलीतल्या सोबत्याला सांगणे वेगळे आणि साऱ्या वर्गाला सांगणे वेगळे. पहिले केले म्हणून शेवटचे करावे लागत नाही. परीक्षा विभागाकडे प्रमाणपत्र देताना निदानाची माहिती गोपनीय ठेवावी अशी विनंती त्याच अर्जात लिहिता येते. प्राध्यापकांना निदानाचे नाव सांगण्याची गरज बहुधा पडत नाही. काय लागते एवढे सांगितले तरी पुरते. मित्रांना काय सांगायचे, कधी सांगायचे आणि सांगायचे की नाही, हे पूर्णपणे त्याचे आहे, आणि त्यात तुम्ही किंवा मी लक्ष घालू नये. माझा अनुभव असा आहे की मुलांना हा फरक एकदा स्पष्ट झाला की 'कुणालाच नाही' या शब्दांची धार आपोआप कमी होते.

प्रवेश अर्जातील दिव्यांगत्वाच्या रकान्याविषयी मात्र त्याच्याशी वेगळे आणि नीट बोला, कारण त्याचे परिणाम नंतर फिरवता येत नाहीत. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांमध्ये ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित असलेल्या विद्यार्थ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव असतात आणि प्रवेशाच्या कमाल वयात पाच वर्षांची सूट असते. या जागांसाठी दावा करायचा असेल तर तो प्रवेशाच्या वेळीच करावा लागतो. परीक्षेतील सवलतींची मागणी प्रवेशानंतरही करता येते. म्हणजे राखीव जागा नको असे त्याने ठरवले, तरी वाढीव वेळेचा मार्ग त्याला बंद होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे काही मुले अभिमानापोटी दोन्हींवर पाणी सोडतात, आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

त्याच्या प्रमाणपत्रावर ४० टक्क्यांपेक्षा कमी आकडा असेल, तर आपला काही हक्कच नाही असे समजून तो गप्प बसण्याची शक्यता आहे. तसे असेल तर विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्याविषयी त्याला सांगा. लिहिताना हाताला पेटके येण्याचा आजार असलेल्या या उमेदवाराला नागरी सेवा परीक्षेत लेखनिक नाकारण्यात आला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही, कारण टक्केवारीची ती अट आरक्षणासारख्या ठराविक लाभांसाठी आहे आणि वाजवी सोय, म्हणजे अडचणीनुसार आवश्यक ती सोय, मिळण्याचा हक्क त्याहून व्यापक आहे. लिहिण्याची अडचण काय असते हे तुमचा मुलगा स्वतः जाणतो. ती अडचण देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने गंभीरपणे ऐकून घेतली, हे कळले तर अर्ज करण्यातला त्याचा संकोच थोडा तरी कमी होईल, असा मला विश्वास वाटतो.

कागदपत्रांची बाब कंटाळवाणी आहे, पण तिथेच सर्वांत जास्त मुले अडकतात. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या मूल्यमापनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार विशिष्ट अध्ययन अक्षमतेची पुनर्तपासणी चौदाव्या आणि अठराव्या वर्षी करायची असते, आणि अठराव्या वर्षी मिळालेले प्रमाणपत्र आयुष्यभर ग्राह्य धरले जाते. तुमच्याकडचे प्रमाणपत्र दहावीच्या वेळचे असणार. म्हणजे ज्या वर्षी तो घर सोडणार आहे, नेमक्या त्याच वर्षी ते नव्याने काढावे लागणार आहे. तपासणीला एकाहून अधिक फेऱ्या लागतात आणि तारखा लवकर मिळत नाहीत, त्यामुळे बारावीची परीक्षा संपताच प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा आणि यूडीआयडी कार्डाचे (दिव्यांगांच्या ओळखपत्राचे) काम राहिले असेल तर तेही त्याच वेळी मार्गी लावा. जुने अहवाल टाकून देऊ नका. निदान लहानपणापासूनचे आहे याचा तो पुरावा असतो. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणासाठीच्या, शिष्यवृत्तीचाही विचार करावा.

यापुढचा मुद्दा अनेक पालकांच्या लक्षात येत नाही. मंडळाने दहावी-बारावीला दिलेल्या सवलती विद्यापीठात आपोआप लागू होत नाहीत. विद्यापीठाची परिपत्रके वेगळी असतात, अर्जाचा नमुना वेगळा असतो आणि मुदतही वेगळी असते. लेखी परीक्षांसाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दर तासाला किमान वीस मिनिटे वाढीव वेळ सांगितला आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक कोणी आणायचा आणि त्याची शैक्षणिक पात्रता काय असावी याचे नियम मात्र वेळोवेळी बदलत आले आहेत, त्यामुळे गेल्या वर्षी कोणाला काय मिळाले यावर विसंबून न राहता विद्यापीठाचे चालू परिपत्रक मागून घ्यावे. अंतर्गत मूल्यमापनाकडेही लक्ष असू द्यावे. वर्गातल्या छोट्या चाचण्या, हस्तलिखित जर्नल, तासाला बसून सोडवायच्या कार्यपत्रिका यांना सत्र परीक्षेची सवलत लागू आहे असे कोणी गृहीत धरत नाही. जर्नल टंकलिखित दिले तर चालेल का, हे पहिल्याच पंधरवड्यात विचारलेले बरे. ऑक्टोबरमध्ये विचारले तर ते सबबीसारखे वाटते.

मिळालेली परवानगी लेखी असावी आणि तिची प्रत परीक्षेच्या दिवशी त्याच्या खिशात असावी, असा आग्रह मी का धरते तेही सांगते. २०२१ च्या नीट परीक्षेत डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला तिच्या हक्काचा एक तास परीक्षा केंद्राने दिलाच नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये अवनी प्रकाश विरुद्ध राष्ट्रीय परीक्षा संस्था या निकालात न्यायालयाने मान्य केले, की तो तास चुकीने हिरावला गेला. परीक्षा संस्थेने झालेला अन्याय दूर करण्यासाठी काय करता येईल याचा विचार करावा, असे निर्देशही दिले, परंतु पुन्हा परीक्षा घेण्याचा आदेश दिला नाही. न्यायालयात बाजू खरी ठरली तरी गेलेला तास तसाच परत मिळत नाही. म्हणून परीक्षेच्या आदल्या आठवड्यात केंद्रप्रमुखांना किंवा परीक्षा विभागाला भेटून 'माझी परवानगी आपल्याकडे पोहोचली आहे ना?' एवढे विचारणे आवश्यक आहे, आणि ते विचारायला त्यानेच जायचे आहे.

आता रोज रात्रीच्या वाचनाविषयी. तुमच्या पत्रातील सर्वांत हृद्य ओळ तीच आहे आणि माझ्या मते खरी अडचणही तिथेच आहे. वाढीव वेळ वर्षातून काही तास मिळणार. वाचन रोज लागणार. पदवीच्या पहिल्याच सत्रात वाचायचा मजकूर बारावीच्या मानाने कितीतरी वाढतो आणि एकाच पाठ्यपुस्तकावर भागत नाही. वसतिगृहातून फोन करून तो तुमच्याकडून प्रकरणे वाचून घेणार असेल, तर खोली न घेताही तुम्ही तिथेच राहायला गेल्यासारखे होईल.

याला चांगला पर्याय आहे. भारताच्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे दिव्यांग वाचकांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती तयार करणे आणि देणे कायदेशीर झाले. छापील मजकूर वाचण्यात अडचण असलेल्यांसाठीच्या मराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता, आणि त्या करारात अंधत्वासोबत वाचनाच्या अक्षमतेचाही समावेश आहे. २०१६ मध्ये सुरू झालेले सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय याच वाचकांसाठी आहे. ते फक्त दृष्टिहीनांसाठी आहे असा समज सर्रास आढळतो आणि त्यामुळे डिस्लेक्सिया असलेली मुले तिकडे वळतच नाहीत. तुमच्या मुलाने सभासदत्वासाठी अवश्य विचारणा करावी. त्याशिवाय साध्या मोबाइलमध्ये आणि संगणकातही मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय असते, आणि बोललेले टंकलिखित करून देण्याचीही.

पण यंत्राचा आवाज आईच्या आवाजासारखा नसतो. तुम्ही वाचता तेव्हा कुठे थांबायचे, कोणते वाक्य पुन्हा घ्यायचे, हे त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवता. यंत्रासमोर हे सारे त्याला स्वतः ठरवावे लागते, आणि ती सवय लागायला वेळ जातो. म्हणून आजपासून आठवड्यातील दोन रात्री तुम्ही वाचू नका. त्याने तेवढे प्रकरण यंत्राकडून ऐकावे, वेग कमी-जास्त करून पाहावा, ऐकताना महत्त्वाचे मुद्दे आपल्या आवाजात नोंदवून ठेवावेत. सुरुवातीला तो चिडेल, आणि बारावीच्या वर्षात हे कशाला, असे तुम्हालाही वाटेल. परीक्षेच्या तोंडावर फार ओढाताण होत असेल तर थांबा, पण परीक्षा संपल्यानंतरच्या सुटीत या दोन रात्रींच्या चार आणि मग सात होऊ द्या. अर्थशास्त्रात आलेख आणि तक्ते येतील. ते यंत्राला नीट वाचता येत नाहीत. त्यांच्यासाठी माणूस लागेलच. तो माणूस कोण, हे त्याने तिथे शोधायचे: एखादा वर्गमित्र, वरच्या वर्गातला विद्यार्थी किंवा स्वतः प्राध्यापक.

लेखनिकाच्या बाबतीतही असेच आहे. तुम्ही शोधलेला लेखनिक त्याच्या ओळखीचा असेल, त्याचे अर्धे वाक्य ऐकून पुढचे ताडणारा असेल. अनोळखी लेखनिकाला उत्तर सांगणे हे वेगळे कौशल्य आहे. कुठे परिच्छेद बदलायचा, कोणता शब्द अधोरेखित करायचा, आलेखाचे अक्ष कसे काढायचे, हे तोंडाने सांगता आले पाहिजे आणि मधूनमधून लिहिलेले वाचून घेता आले पाहिजे. सुटीत दोन-तीन वेगवेगळ्या अनोळखी व्यक्तींना बसवून त्याने सराव करावा.

महाविद्यालय निवडताना नावलौकिकाबरोबर काही साध्या चौकशा कराव्यात. समान संधी कक्ष (दिव्यांग आणि इतर वंचित विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहणारा विभाग) आहे का, तो चालवणारे प्राध्यापक कोण आहेत आणि ते प्रत्यक्ष भेटतात का. गेल्या परीक्षेत लेखनिक घेणारे विद्यार्थी होते का. ग्रंथालयात पुस्तक स्कॅन करून मिळते का. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांसाठी सुलभतेच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत, तेव्हा हे प्रश्न विचारणे म्हणजे काही जगावेगळे मागणे नव्हे. उत्तरांइतकेच उत्तर देणाऱ्याच्या वागण्याकडेही पाहावे. 'असे विद्यार्थी आमच्याकडे येत नाहीत' असे उत्तर मिळाले तर मी त्या महाविद्यालयाविषयी पुन्हा विचार करीन.

तुम्ही प्राचार्यांना भेटण्याऐवजी त्याच्याकडून एक छोटे निवेदन तयार करून घ्या. त्याने ते बोलून नोंदवावे, मग टंकलिखित करावे. ते साधारण असे असू शकेल: 'छापील मजकूर वाचायला आणि हाताने लिहायला मला जास्त वेळ लागतो, ऐकून समजायला किंवा बोलून सांगायला अडचण येत नाही. फळ्यावरचे उतरवून घेणे मला जमत नाही, म्हणून तासाच्या शेवटी फळ्याचे छायाचित्र घेण्याची परवानगी हवी आहे. लेखी परीक्षेतील वाढीव वेळेसाठी मी परीक्षा विभागात अर्ज दिला आहे.' यात कुठेही दयेची याचना नाही, माफी नाही आणि आजाराचा इतिहासही नाही. त्याला काय येते, काय अडते आणि काय लागते, एवढेच आहे. हे तो आधी तुमच्यासमोर म्हणेल, मग एखाद्या शिक्षकांसमोर म्हणेल. पहिल्या वेळी आवाज कापला तर मध्ये पडू नका.

एवढे करूनही पहिल्या सत्रात एखादा विषय राहू शकतो, किंवा सवलतीशिवाय पाहू म्हणून तो अर्जच करणार नाही, असेही होऊ शकते. त्या परिस्थितीत धावत तिकडे जाऊ नका. पुढच्या परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत त्याला ठाऊक आहे ना, इतके विचारा. संस्थेने मात्र लेखी अर्ज करूनही सवलत नाकारली, तर लेखी कारण मागावे, विद्यापीठाकडे दाद मागावी आणि तिथेही ऐकले गेले नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करावी. अशा वेळी तुम्ही त्याच्या बाजूला ठामपणे उभ्या राहा. एकट्या मुलाने संस्थेशी झगडावे अशी अपेक्षा मी कधीच करणार नाही. फरक इतकाच, की तक्रारीवर सही त्याची असेल.

सुरुवात कुठून करायची, तर अठराव्या वर्षाच्या तपासणीपासून करा. रुग्णालयाची तारीख त्याला घेऊ द्या. तिसरीपासूनच्या अहवालांची फाइल तुमच्या कपाटात असेल. ती आधी एकदा दोघांनी मिळून पाहा, कारण आपल्याविषयी त्यात काय लिहिले आहे हे त्याने कदाचित कधी ऐकलेलेच नसेल. तपासणीच्या दिवशी ती फाइल त्याच्या हातात असू द्या. डॉक्टर सवयीने तुमच्याकडे पाहून विचारतील, 'काय त्रास होतो याला?' तेव्हा तुम्ही त्याच्याकडे पाहा आणि त्याला उत्तर देऊ द्या.